विचारा की! : सर्चमधली कॅपिटल-स्मॉलची भानगड

मागच्या अंकात रेजेक्सवर, म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशनवर, अक्षरांचा साचा (पॅटर्न) देऊन मजकूर शोधायच्या पद्धतीवर, सहज दोन ओळी लिहिल्या तर पत्रं आणि मेसेज सुरूच झाले, आणि बघायला गेलं तर बहुतेकांचं रडगाणं एकच, डेटात आहे पण सर्चमध्ये सापडेना. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. रोमन अक्षरातले पॅटर्न छापताना कधी कॅपिटलचं स्मॉल होऊन बसतं आणि इथं तर सगळा खेळच त्याचा, म्हणून पॅटर्न शब्दात सांगतोय, कॅपिटल टी, स्मॉल टी असं. आधी वाचकाचं पत्र, त्याखाली माझं उत्तर, असं वाचत जा, आणि हाताशी कॉम्प्युटर घेऊन वाचा.

चाटी गल्लीत आमचं चादर-टॉवेलचं होलसेल दुकान आहे. पुतण्यानं स्टॉकसाठी एक वेबपेज करून दिलंय, वर सर्चचा बॉक्स आहे, म्हणाला रेजेक्सनं केलंय. सगळं स्मॉलमध्ये टॉवेल टाइप केलं की थोडे आयटम येतात, सगळं कॅपिटल केलं की वेगळेच येतात, आणि मोबाइलवर पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं तेव्हा तर काहीच येत नाही. माल रॅकमध्ये दिसायलाय आणि कॉम्प्युटर म्हणतोय नाही. पुतण्या म्हणतो काका, नीट टाइप करा. चूक कुणाची?

काका, तुमची नाही, हे आधी घरी वाचून दाखवा.

रेजेक्स मुळातच कडक असतं. तुम्हाला टी म्हणजे टी, पण कॉम्प्युटरच्या लेखी कॅपिटल टी म्हणजे ८४ नंबरचं अक्षर आणि स्मॉल टी म्हणजे ११६ नंबरचं, आस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या कॅपिटल-स्मॉलमध्ये असाच ३२ चा फरक, आणि कुणी सांगितल्याशिवाय ते या दोघांना एक मानत नाही. आता तुमच्याकडं एन्ट्री कोण कोण करत असेल, एक मुनीम कॅप्स लॉक दाबून बसणारा, एक पोरगा सगळं स्मॉलमध्ये हाणणारा, तर त्या दोघांचे टॉवेल कॉम्प्युटरसाठी दोन वेगळे टॉवेल. मोबाइलवाला तिसरा टॉवेल तर कुणी लिहिलेलाच नाही.

पुतण्याला सांगायचं की पॅटर्न संपतो तिथं शेवटच्या तिरक्या रेघेमागं एक स्मॉल आय लाव. हा इग्नोअर-केसचा फ्लॅग, म्हणजे केस (कॅपिटल-स्मॉलचा फरक) बघू नको असं सांगणारी खूण, सगळे त्याला आय फ्लॅगच म्हणतात. कोडमध्ये पॅटर्न स्ट्रिंगमधनं तयार होत असेल तर तोच आय दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये जातो. एवढ्यानं तुमचं निम्मं दुखणं जाईल.

उरलेलं निम्मं असं, की मोबाइलचा कीबोर्ड शब्द सुचवतो आणि मागं एक स्पेस ठेवून जातो, ती स्पेस पण पॅटर्नमध्ये जाते, म्हणून सर्चच्या आधी दोन्हीकडची स्पेस उडवायची. आणि तुम्ही "चादर (डबल" असं अर्धवट टाइप केलं की उघडलेला कंस बंद न झाल्यामुळं रेजेक्स एरर देतं, पान गप्प बसतं, आणि तुम्हाला वाटतं माल नाही. युजरनं टाइप केलेलं जसंच्या तसं पॅटर्न म्हणून वापरायचं नसतं, त्यातले कंस, प्लस, टिंब, स्टार आधी एस्केप करायचे, म्हणजे बॅकस्लॅश लावून त्यांचा रेजेक्समधला खास अर्थ काढायचा. खरं सांगू का, एवढ्याशा कामाला रेजेक्स कशाला पाहिजे, आयटमचं नावही लोअरकेस, म्हणजे सगळं स्मॉल, करा, टाइप केलेला शब्दही लोअरकेस करा, आणि यात ते आहे का एवढंच विचारा, संपला विषय.

रेजेक्सचा खरा उपयोग तुमच्याकडं दुसरीकडं आहे. चादर इंग्रजीत कोण एका डीनं लिहितो कोण दोन डीनं, तर पॅटर्नमध्ये दुसऱ्या डीमागं प्रश्नचिन्ह ठेवलं की दोन्ही सापडतात. तसंच आपल्या गावाचं. जुन्या बिलांवर, जुन्या लेटरहेडवर शोलापूर आहे, नव्यावर सोलापूर, तर एसनंतर एच आणि एचमागं प्रश्नचिन्ह. पण लक्षात ठेवा, आय फ्लॅग फक्त कॅपिटल-स्मॉल बघतो, स्पेलिंगशी त्याला काही देणंघेणं नाही.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. साखर कारखान्याच्या ऊस उत्पादक सभासदांची यादी सर्च करायचं प्रोजेक्ट केलंय. लॅपटॉपवर मायएसक्यूएल हा डेटाबेस आहे, तिथं स्मॉलमध्ये बार्शी टाकलं तरी सगळ्या नोंदी येतात. सरांनी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर टाकायला लावलं, क्वेरी जेमतेम बदलली, तर आता झिरो रिझल्ट. एक्स्टर्नलच्या (बाहेरच्या परीक्षकांच्या) आधी सांगा प्लीज.

प्रोजेक्टच्या सीझनला हा प्रश्न येतोच. तुझा कोड बरोबरच होता असं नाही, मायएसक्यूएल तुझी चूक झाकत होतं.

मायएसक्यूएलमध्ये केस बघायची की नाही हे कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना कशी करायची याचा नियम, ठरवतं. डिफॉल्ट कोलेशनच्या नावाच्या शेवटी सी आणि आय अशी दोन अक्षरं असतात, केस इनसेन्सिटिव्हची, त्यामुळं क्वेरीत शोधायला लाइक असो नाहीतर रेजेक्सवालं रेगएक्सपी असो, दोन्ही कॅपिटल-स्मॉल एकच धरतात आणि आपल्याला वाटतं रेजेक्स असंच असतं. कुणी त्याच कॉलमचं कोलेशन बदलून शेवटी बिन असलेलं केलं की तीच क्वेरी एका रात्रीत कडक होते. पोस्टग्रेसचं उलटं आहे, तिथं साधं टिल्डचं चिन्ह म्हणजे कडक रेजेक्स, आणि टिल्डपुढं स्टार लावला की केस न बघणारं. लाइक कडक, आयलाइक ढिलं. तू टिल्ड ठेवलास, स्टार विसरलास, एवढंच झालंय, बघ तपासून.

आणखी एक, एसक्यूलाइट या डेटाबेसवर कुणी करत असेल तर तिथं लाइक डिफॉल्टनं केस बघत नाही पण फक्त इंग्रजी ए ते झेडपुरतं, आणि तिथलं शोधायचं दुसरं साधन, ग्लोब, मात्र कडक.

मी तर म्हणेन डिफॉल्टवर भरवसा टाकूच नये. मायएसक्यूएल ८ मध्ये रेगएक्सपी-लाइक नावाचं फंक्शन आहे, त्याला तिसऱ्या जागी आय किंवा सी देऊन आपल्याला काय पाहिजे ते क्वेरीतच लिहिता येतं. मग उद्या कोणी कोलेशन बदललं तरी क्वेरी बोलते तेच करते. आणि टेस्ट डेटा टाकताना बार्शी तीन प्रकारे टाक, सगळं कॅपिटल, सगळं स्मॉल, पहिलंच कॅपिटल. एक्स्टर्नल नेमकं हेच टाइप करून बघतात.

याची उलटी बाजू पण माहीत असू दे. सीआय कोलेशनवर युनिक की, म्हणजे तीच नोंद दोनदा येऊ न देणारी अट, असेल तर कॅपिटल बी-ची बार्शी आणि स्मॉल बी-ची बार्शी ही डुप्लिकेट ठरते, गावाच्या नावाला ते बरंच आहे, पण लिंकमधले टोकन किंवा कुपन कोड अशा कॉलममध्ये ठेवले तर दोन वेगळे कोड एक होऊन बसतात. तिथं बिनच पाहिजे.

जुळे सोलापुरातनं वर्क फ्रॉम होम करते. आमच्या टूलमध्ये युजरला स्वतः रेजेक्स टाइप करून लॉट नंबर शोधता येतात. केसची कटकट नको म्हणून आधीच्या डेव्हलपरनं डेटाही लोअरकेस केला आणि युजरचा पॅटर्नही लोअरकेस केला. बहुतेक पॅटर्न चालतात, पण काही पॅटर्न चक्क उलटे रिझल्ट देतात, जे यायला पाहिजेत ते येत नाहीत आणि नको ते येतात. डेटा करप्ट झालाय का?

डेटाला काही झालेलं नाही. पॅटर्नच करप्ट झालाय, आणि तो तुमच्याच कोडनं केलाय. आजच्या सगळ्या प्रश्नांत मला हा सगळ्यात आवडला, कारण ही चूक दिसत नाही, एरर येत नाही, आणि सापडेपर्यंत माणूस सगळीकडं शोधून येतो.

बघा काय होतंय. रेजेक्समध्ये बॅकस्लॅशपुढचं अक्षर कॅपिटल आहे की स्मॉल यावर अर्थ उलटतो. बॅकस्लॅश स्मॉल डी म्हणजे आकडा, बॅकस्लॅश कॅपिटल डी म्हणजे आकडा सोडून काहीही. स्मॉल एस म्हणजे स्पेस, कॅपिटल एस म्हणजे स्पेस नसलेलं. स्मॉल डब्ल्यू म्हणजे शब्दातलं अक्षर, कॅपिटल म्हणजे तसं नसलेलं. स्मॉल बी म्हणजे शब्दाची कड, कॅपिटल बी म्हणजे कड नसलेली जागा.

आता युजरनं लिहिलं असेल : लॉट, मग बॅकस्लॅश कॅपिटल डी, मग बॅकस्लॅश स्मॉल डी आणि प्लस. त्याला पाहिजे होतं लॉट-४५२१, लॉट/४५२१ असं, मध्ये काहीतरी चिन्ह असलेलं. तुमच्या कोडनं सगळं लोअरकेस केलं की कॅपिटल डीचा स्मॉल डी झाला, म्हणजे आता पॅटर्न म्हणतोय लॉट, मग एक आकडा, मग पुढं आकडे. लॉट-४५२१ बाहेर, आणि मध्ये काहीच नसलेलं लॉट४५२१ आत. बरोबर उलटं. बॅकस्लॅशची कॅपिटल अक्षरं ज्या पॅटर्नमध्ये नाहीत ते मात्र नीट चालतात, म्हणून "बहुतेक चालतात" असं वाटतं आणि टेस्टिंगमधनं हे निसटतं.

कोणी म्हणेल मग अपरकेस करू. अजून वाईट, साधा आकडा शोधणारा पॅटर्न आकडा सोडून सगळं शोधायला लागेल.

म्हणून पॅटर्नला हात लावायचा नाही. डेटा आहे तसा, पॅटर्न आहे तसा, आणि केसचं काम फ्लॅगवर सोडायचं. पॅटर्नच्या एकाच भागाला केस नको असेल तर बऱ्याच इंजिनात कंस उघडून प्रश्नचिन्ह, आय, कोलन, मग तो भाग, मग कंस बंद, अशी सोय असते. पायथनमध्ये ही सोय ३.६ पासून आहे. मात्र अख्ख्या पॅटर्नला लागू होणारा आय फ्लॅग पॅटर्नच्या मध्येच कुठंतरी टाकला तर ३.११ पासून सरळ एरर येते, तो अगदी सुरुवातीलाच पाहिजे. जावास्क्रिप्टमध्ये अशी भागापुरती सोय २०२५ च्या स्टँडर्डमध्ये आली, म्हणजे जुन्या ब्राउजरवर पॅटर्न वाचतानाच सिंटॅक्स एरर.

आणि फ्लॅग लावल्यावरही एक जागा तपासा. तुमच्याकडं कुणी "कॅप्स लॉकमध्ये टाइप केलेल्या नोंदी दाखव" असा रिपोर्ट बनवला असेल, चौकटी कंसात कॅपिटल ए ते कॅपिटल झेड असा, तर आय फ्लॅग आल्यावर त्याला स्मॉल अक्षरं पण चालतात आणि रिपोर्टमध्ये सगळा डेटाच येतो. चौकटी कंसात कॅरेट लावून "स्मॉल अक्षर नको" म्हणणाऱ्या पॅटर्नचं उलटं, आय फ्लॅग आला की तो कॅपिटलही नको म्हणतो. तर टूलमध्ये एक टिकमार्क द्या, केस बघायची की नाही, आणि युजरला ठरवू द्या. तुमचे युजर रेजेक्स लिहितात म्हणजे त्यांना एवढं नक्की कळतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. गाडी नंबर टाकताना तपासणी लावलीय, तरी एमएच १३ नंतर अंडरस्कोअर टाकलेले नंबर पास होतात. सॉफ्टवेअरवाला म्हणतो पॅटर्न इंटरनेटवरचा आहे, बरोबरच असणार.

पॅटर्न उघडून बघा, चौकटी कंसात कॅपिटल ए, डॅश, स्मॉल झेड असं लिहिलेलं असणार, पैजेवर सांगतो. लिहिणाऱ्याला वाटलं कॅपिटल-स्मॉल दोन्ही एका दमात उरकलं. आस्कीमध्ये कॅपिटल अक्षरं ६५ ते ९० आणि स्मॉल ९७ ते १२२. मधल्या ९१ ते ९६ या सहा जागांवर कोण बसलंय, तर दोन चौकटी कंस, त्यांच्यामध्ये बॅकस्लॅश, मग कॅरेट, अंडरस्कोअर आणि बॅकटिक. तुमचा अंडरस्कोअर तिथनंच आत येतो. ए ते झेड कॅपिटल वेगळं आणि स्मॉल वेगळं लिहायचं, नाहीतर एकच लिहून आय फ्लॅग.

पण गाडी नंबर, पॅन, जीएसटी नंबर, बँकेचा आयएफएससी असल्या गोष्टींना मी केस न बघणारा सर्च ठेवायच्या भानगडीत पडत नाही. एन्ट्री होतानाच स्पेस आणि डॅश काढून सगळं अपरकेस करून साठवायचं, आणि सर्चला टाइप केलेलं पण तसंच करून मग शोधायचं. या नंबरांचा साचा ठरलेला आहे, पॅनला पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, आयएफएससीला ११ अक्षरं आणि त्यातलं पाचवं कायम शून्य. तिथं लोक ओ टाइप करतात, आणि त्याला जगातला कुठलाच फ्लॅग पकडत नाही, साचाच पकडतो.

नवी पेठेत अकाउंटिंगचं काम करते. गूगल शीटमध्ये रेगएक्समॅच वापरलं की पार्टीचं नाव सापडत नाही, पण व्हीलुकअपनं सापडतं. असं का?

व्हीलुकअप केस बघत नाही, रेगएक्समॅच बघतं. पॅटर्नच्या अगदी सुरुवातीला कंसात प्रश्नचिन्ह आणि स्मॉल आय लिहा, काम होईल. शीटमधलं क्वेरी फंक्शन पण केस बघतं बरं का, तिथं कॉलमला लोअर लावून घ्या. आणि सर्च फंक्शन केस बघत नाही, फाइंड बघतं, हे एक्सेललाही तसंच. एक्सेलच्या नव्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये रेगएक्सटेस्ट आलंय, ते डिफॉल्टनं कडक आहे, शेवटच्या जागी १ दिलं की ढिलं होतं.

टेरी टॉवेल एक्सपोर्ट करतो. जर्मनी आणि तुर्कीतल्या पार्ट्यांचे पत्ते सिस्टिममध्ये आहेत. आय फ्लॅग लावलेला आहे तरी काही जर्मन रस्त्यांची नावं सापडत नाहीत, आणि तुर्की पत्त्यांचं तर काय होतंय कळेनाच.

तुमचा फ्लॅग बरोबर आहे, भाषाच त्याच्या पलीकडची आहे. जर्मनमध्ये रस्त्याच्या नावात इंग्रजी बीसारखं दिसणारं एक अक्षर येतं, एसत्सेट. ते कॅपिटलमध्ये लिहिताना पूर्वापार दोन एस लिहितात, म्हणजे स्मॉलमध्ये एक अक्षर आणि कॅपिटलमध्ये दोन. आय फ्लॅग एका अक्षराला एकच अक्षर जुळवतो, एकाची दोन तो करत नाही, त्यामुळं बिलावरचं कॅपिटल नाव आणि पत्त्यातलं स्मॉल नाव एकमेकांना भेटतच नाही. त्या अक्षराचं स्वतंत्र कॅपिटल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, २००८ ला आलं, जर्मन शुद्धलेखनाच्या नियमांत २०१७ ला, पण लोक अजून दोन एसच लिहितात.

तुर्कीत आय दोन आहेत, एक टिंबवाला आणि एक बिनटिंबाचा, आणि दोघांचं कॅपिटल-स्मॉल वेगवेगळं. म्हणजे टिंबवाल्या स्मॉल आयचं कॅपिटल पण टिंबवालंच. आता जावात नुसतं टू-लोअरकेस लिहिलं तर ते मशीनच्या भाषेची सेटिंग बघतं, तुर्की सेटिंगच्या मशीनवर आपल्या साध्या कॅपिटल आयचं बिनटिंबाचं स्मॉल आय होतं आणि इनव्हॉइससारखा शब्दसुद्धा जुळेनासा होतो. तिथं लोकेल-रूट, म्हणजे कुठल्याच भाषेची नसलेली सेटिंग, द्यायचं. पायथनवाल्यांसाठी उलटी गंमत, तिथं आय फ्लॅग लावून ए ते झेड म्हटलं की युनिकोड मोडमध्ये चार पाहुणे फुकटात आत येतात, तुर्कीचे हे दोन आय, जुन्या छपाईतला लांब एस आणि केल्विन तापमानाचं चिन्ह. नको असतील तर आस्की फ्लॅग लावा.

तुमच्यासाठी उपाय एकच, पत्त्याशेजारी सर्चसाठी वेगळा कॉलम ठेवा. पायथनमध्ये केसफोल्ड नावाची मेथड आहे, ती एसत्सेटचे दोन एस करते, लोअर करत नाही. त्या कॉलममध्ये केसफोल्ड केलेला पत्ता भरा, सर्चचा शब्दही केसफोल्ड करा. छापायला मूळ कॉलम, कारण पार्टीचं नाव पार्टीनं लिहिलंय तसंच गेलं पाहिजे.

वाचनालयात जुन्या साप्ताहिकांच्या लेखांची सूची मराठीत टाइप करून घेतलीय. मराठीत कॅपिटल-स्मॉल नाहीच, म्हणजे आमच्या सर्चला हा त्रास नसणार असं वाटलं होतं. पण "शेतकऱ्यांचा" शोधलं की समोर दिसणारे लेख पण येत नाहीत. आम्ही चार जणांनी चार कॉम्प्युटरवर टाइप केलंय.

चार जणांनी चार कॉम्प्युटरवर, इथंच उत्तर आहे. देवनागरीत केस नाही, आय फ्लॅग लावा न लावा, काडीचा फरक नाही. पण दिसायला एक आणि आत वेगळं, हा प्रकार आपल्याकडं इंग्रजीपेक्षा जास्त आहे आणि त्याला फ्लॅगच नाही.

"शेतकऱ्यांचा" मधला तो रफारासारखा आडवा र घ्या. कोणी टाइप करताना ऱ हे स्वतंत्र अक्षर घेतो, त्याचा युनिकोडमध्ये स्वतःचा नंबर आहे. कोणाचा कीबोर्ड साधा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन तुकडे टाकतो. आणि कोणी साधा र, हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे म्हणतात ते, असं टाकतो. स्क्रीनवर तिन्ही सारखेच, रेजेक्सला तीन वेगळे शब्द. पंढरपूरच्या वारकऱ्यांवरचे लेखही असेच तीन ढिगांत पडले असणार, बघा शोधून.

यातले पहिले दोन प्रकार युनिकोड नॉर्मलायझेशननं, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्यानं, एक होतात, त्यातली एनएफसी ही पद्धत लावली की र आणि नुक्त्याचा ऱ होतो. तिसरा मात्र होत नाही, तो आपल्यालाच बदलावा लागतो. तसंच ॲप आणि अॅप. पहिल्यात एकच अक्षर आहे, दुसऱ्यात अ आणि वर चंद्र असे दोन, आणि यांना युनिकोड एक मानतच नाही, नॉर्मलायझेशन करूनही दोन वेगळेच राहतात. शिवाय सोलापूर आणि सोलापुर. हिंदी पद्धतीनं ऱ्हस्व पु लिहिणारे आपल्याकडंही कमी नाहीत, तिथं चौकटी कंसात ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही उकार ठेवायचे.

दुसरी अडचण रेजेक्सचीच. शब्दाची कड म्हणून बॅकस्लॅश बी लावलं असेल तर जावास्क्रिप्टमध्ये ते मराठीला कामाचं नाही, त्याच्या लेखी शब्द म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर, त्यामुळं सोलापूरच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी लावलं की नुसतं सोलापूर कधीच सापडणार नाही. पायथन मराठी अक्षरं ओळखतं पण काना-मात्रा ओळखत नाही. बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस लावून "सोलापूर"चे शब्द काढायला सांगा, स, ल, प, र असे चार तुकडे हातात येतात, मात्रा आणि उकार सगळे गळून. तिथं रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल बसवून घ्यावं, ते नीट धरतं. जावास्क्रिप्टमध्ये यू फ्लॅग लावून अक्षर आणि मात्रा या दोन्ही युनिकोड वर्गांची नावं पॅटर्नमध्ये द्यावी लागतात. आकड्यांचंही बघा, सालं कोणी १९६० अशी देवनागरीत टाकली असतील आणि कोणी इंग्रजीत. पायथनचा बॅकस्लॅश डी दोन्ही घेतो, जावास्क्रिप्टचा फक्त इंग्रजी.

आता करायचं काय, तर मूळ सूचीला हात लावू नका, शेजारी एक सर्चचा कॉलम करा. त्यात एनएफसी लावा, र-हलन्त-जोडचिन्ह दिसलं की ऱ-हलन्त करा, अ आणि चंद्राचा ॲ करा, उरलेली न दिसणारी चिन्हं काढून टाका, आकडे एका पद्धतीचे करा. क्रम महत्त्वाचा आहे, न दिसणारी चिन्हं आधी काढली तर त्या तिसऱ्या र-चा साधा रफार होऊन बसेल आणि शेतकर्यांचा असं काहीतरी दिसेल. सर्च बॉक्समध्ये टाइप केलेल्यालाही हीच सगळी धुलाई, नाहीतर अर्धीच गाडी धुतल्यासारखं होईल.

ऑफिसमध्ये इलॅस्टिकसर्च हे सर्चचं सॉफ्टवेअर आहे. रेगएक्सपी क्वेरीत कॅपिटल एस-नं सोलापूर लिहिलं की शून्य, स्मॉल एस-नं लिहिलं की येतं, पण डेटात तर कॅपिटलच आहे!

डेटात कॅपिटल आहे, इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी केलेल्या सूचीत, नाही. टेक्स्ट फील्डवर डिफॉल्ट अॅनालायझर शब्द तोडतो आणि लोअरकेस करून ठेवतो, पण तुमचा रेजेक्स पॅटर्न अॅनालायझरमधनं जात नाही, तसाच्या तसा त्या लोअरकेस शब्दांवर घासला जातो. पॅटर्न स्मॉलमध्ये लिहा किंवा ७.१० किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर केस-इनसेन्सिटिव्हचा पॅरामीटर ट्रू करा. आणि तिथला पॅटर्न अख्ख्या शब्दाला जुळावा लागतो, मधल्या तुकड्याला नाही, म्हणून नुसतं सोलापू लिहून काही मिळणार नाही, मागं टिंब आणि स्टार पाहिजे.

आय फ्लॅग लावल्यापासून सर्च स्लो झालाय असं वाटतंय. खरंच होतो का?

डेटाबेसमध्ये असेल तर होतो, तुमचा भास नाही. साधा इंडेक्स अक्षरांच्या क्रमानं लावलेला असतो, आणि शब्दाची सुरुवात कॅपिटल का स्मॉल हेच ठरलेलं नसेल तर त्या इंडेक्सचा उपयोग होत नाही, सगळ्या नोंदी एकेक करून वाचाव्या लागतात. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये आय ऑप्शन लावलेल्या रेजेक्सचं हेच होतं, तिथं नेमकी किंमत शोधायची असेल तर रेजेक्स सोडून कोलेशनची स्ट्रेंग्थ २ ठेवून इंडेक्स करा. पोस्टग्रेसवर लोअर केलेल्या कॉलमचा इंडेक्स बनवा, आणि मधला तुकडाच शोधायचा असेल तर पीजी-ट्रायग्रॅम एक्स्टेन्शन, ते टिल्ड-स्टारलाही चालतं. नोंदी हजार-दोन हजारच असतील तर यातलं काहीच करू नका, स्लो दुसरं काहीतरी आहे, नेटवर्क बघा.